कोण कोणाला भागतंय? शाब्दिक उदाहरणांतली खरी गोम

पाचवी-सहावीतली मुलं गणितात अडखळतात, पण भागाकारात नव्हे. ४६२ ला ६ ने भागायला सांगा, बहुतेक जण बिनचूक भागतील. तेच ४६२ एखाद्या घराच्या सोप्याची, म्हणजे ओसरीची, लांबी म्हणून चार ओळींच्या मजकुरात आलं की पेन्सिल थांबते आणि ठरलेला प्रश्न येतो, "काकी, यात मसावि काढायचा की लसावि?" (मसावि म्हणजे महत्तम सामाईक विभाजक, लसावि म्हणजे लघुत्तम सामाईक विभाज्य.)

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या गावात संध्याकाळी शेजारपाजारची मुलं माझ्याकडे गणितं सोडवायला बसतात. त्यांना मी एवढंच सांगते की हा प्रश्न बाजूला ठेव. त्याआधी दुसरा विचार: इथे कोण कोणाला भागतंय? ज्या मुलाला याचं उत्तर देता येतं त्याला मसावि-लसावि निवडावा लागत नाही, तो आपोआप ठरतो. ज्याला देता येत नाही तो अंदाजाने एक काढतो आणि अर्ध्या वेळा चुकतो. चुकल्यावर 'आपल्याला गणित येत नाही' असं धरून बसतो, त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे. गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळा बहुतांशी मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या, आणि पाचवीपासून गणित इंग्रजीतून. विभाजक तिथे फॅक्टर होतो, मसावि एचसीएफ आणि लसावि एलसीएम. आकडेमोड बदलत नाही, पण वाक्य वाचून डोळ्यांसमोर चित्र उभं राहायला हवं ते राहत नाही. म्हणून आईवडिलांना माझी विनंती असते की उदाहरण कुठल्याही भाषेत असो, मुलाला ते घरच्या भाषेत परत सांगायला लावा. आकडे नंतर.

सुरुवात विभाजकांपासून करू. एखाद्या संख्येला जी संख्या निःशेष भागते, म्हणजे बाकी शून्य उरते, ती तिचा विभाजक. आता हे उदाहरण घ्या: शिगम्याच्या (आपल्याकडच्या होळीच्या सणाच्या) रोमटामेळात, म्हणजे मिरवणुकीत, एका पथकात ६० जण आहेत. प्रत्येक रांगेत सारखेच जण हवेत. रस्ता अरुंद, म्हणून एका रांगेत आठांहून जास्त नकोत. रांग विरळ दिसू नये म्हणून चारांहून कमीही नकोत. रांगा किती प्रकारे लावता येतील?

कोण कोणाला भागतंय? रांगेतल्या माणसांची संख्या ६० ला भागते. म्हणजे ६० चे विभाजक हवेत. ते जोडीजोडीने शोधायचे, म्हणजे एकही सुटत नाही: १ × ६०, २ × ३०, ३ × २०, ४ × १५, ५ × १२, ६ × १०. सातने भाग जात नाही. पुढे आठ, पण ८ × ८ = ६४, म्हणजे आपण ६० च्या पुढे गेलो. इथे थांबायचं, कारण आठपासून पुढच्या कुठल्याही विभाजकाचा जोडीदार आठाहून लहान असणार आणि तो आपण आधीच पाहिलेला असणार. कुठे थांबायचं हे मुलांना सहसा कोणी सांगत नाही आणि ती बिचारी ५९ पर्यंत भागत बसतात. उत्तर: चार, पाच किंवा सहा जणांची रांग. रांगा अनुक्रमे १५, १२ किंवा १०.

आता ऐनवेळी एकाला ताप आला आणि पथकात ५९ उरले. कशाही रांगा लावून पाहा, जमणार नाही. ५९ ही मूळ संख्या आहे, तिला १ आणि ५९ सोडून कोणीच भागत नाही. बरं, तो बरा झाला आणि वर शेजारच्या वाड्यावरचा एक जण येऊन मिळाला, तर ६१. तीही मूळ संख्या! साठाला बारा विभाजक, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या संख्यांना दोन-दोनच. हे मुलांना मण्यांनी किंवा चिंचोक्यांनी मांडून दाखवावं. ५९ चिंचोके रांगेत बसवायची धडपड केलेलं मूल मूळ संख्येची व्याख्या विसरत नाही.

विभाज्यतेच्या कसोट्या पाठ असतात सगळ्यांच्या, पण त्या कशासाठी हे एका भिजलेल्या बिलावरून बघू. जत्रेतून खाज्याची ४५ पाकिटं आणली. सगळी सारख्याच किमतीची, किंमत पूर्ण रुपयांत. बिल खिशात राहून कपड्यांबरोबर धुतलं गेलं आणि चार अंकी रकमेतले पहिला आणि शेवटचा अंक पुसले गेले: ▢७३▢. एक पाकीट केवढ्याला?

इथे ४५ ही संख्या रकमेला निःशेष भागते. ४५ म्हणजे ५ × ९, तेव्हा रकमेला पाचानेही भाग जातो आणि नवानेही. पाचाची कसोटी सोपी: एकक स्थानी ० किंवा ५. नवाची कसोटी अशी की अंकांच्या बेरजेला नवाने भाग गेला पाहिजे. शेवटचा अंक ० धरला तर ७ + ३ + ० = १०, नवाच्या पटीत यायला पुढे ८ हवा. रक्कम ८७३०. शेवटचा ५ धरला तर ७ + ३ + ५ = १५, पुढे ३ हवा. रक्कम ३७३५. पहिल्यात पाकीट १९४ रुपयांना, दुसऱ्यात ८३ रुपयांना. गणिताने दोन उत्तरं दिली आणि दोन्ही बरोबर आहेत. यातलं खरं कोणतं ते आपल्याला पाकिटाची किंमत शंभराच्या आत होती की बाहेर एवढं आठवलं की ठरतं. एका उदाहरणाला एकच उत्तर असतं ही समजूत इथे सुटते, म्हणून मला हे उदाहरण फार आवडतं.

नवाची कसोटी का चालते, हे मात्र विचारलंच पाहिजे. ३७३५ घ्या. १००० म्हणजे ९९९ आणि १. १०० म्हणजे ९९ आणि १. १० म्हणजे ९ आणि १. तेव्हा ३००० मधून नवाच्या पटीतला भाग काढून घेतला की ३ उरतात, ७०० मधून ७, ३० मधून ३, आणि एकक स्थानचे ५ आहेतच. उरलेल्यांची बेरीज ३ + ७ + ३ + ५ = १८. बाकीचं सगळं आधीच नवाच्या पटीत गेलं, त्यामुळे निकाल या १८ वर. तिनाची कसोटीही याच कारणाने चालते, कारण ९, ९९, ९९९ यांना तिनानेही भाग जातो. चाराला शेवटचे दोनच अंक पुरतात, कारण १०० ला चाराने भाग जातो. अकरासाठी एकाआड एक अंकांची वजाबाकी करायची, तिचंही कारण असंच शोधता येतं: १० म्हणजे ११ ला एक कमी, १०० म्हणजे ९९ ला एक जास्त, १००० म्हणजे १००१ ला एक कमी.

अंकांच्या बेरजेवरून आठवण झाली. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) अशा संख्यांशी आयुष्यभर खेळले. आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी संख्या म्हणजे हर्षद संख्या, हे नाव त्यांनी दिलं. आपली ८७३० हर्षद आहे: बेरीज १८, आणि ८७३० भागिले १८ बरोबर ४८५. शिवाय तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा: ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा तेच: ८५३२ − २३५८ = ६१७४. आता ६१७४ वर करून पाहा, ७६४१ − १४६७ = ६१७४. तिथून हलत नाही. सगळे अंक सारखे नसलेल्या कुठल्याही चार अंकी संख्येपासून निघालात तरी शेवटी इथेच पोचता. हाच कापरेकर स्थिरांक. एकाच अंकांची उलटसुलट मांडणी करून केलेली वजाबाकी नेहमी नवाच्या पटीत येते, आणि ते का, हे वरच्या परिच्छेदातूनच निघतं.

कसोट्या जोडताना एक खड्डा सांभाळायचा. ४५ साठी ५ आणि ९ चालतात कारण त्यांना १ सोडून सामाईक विभाजक नाही, त्या सहमूळ आहेत. कोणी ४५ = ३ × १५ म्हणून तीन आणि पंधराने तपासलं तर फसेल. ३० ला तिनाने भाग जातो, पंधरानेही जातो, पंचेचाळीसने जात नाही.

आता सुरुवातीच्या त्या घराचा सोपा. लांबी ४६२ सेंमी, रुंदी ३३० सेंमी. एकही लादी न कापता सारख्या चौरस लाद्या बसवायच्या आहेत. मोठ्यात मोठी लादी केवढी, आणि किती लागतील?

लादीची बाजू लांबीला भागते आणि रुंदीलाही भागते. उत्तर दोन्ही संख्यांना भागणारं, म्हणजे ते ३३० हून मोठं असूच शकत नाही. सामाईक विभाजक हवा आणि तोही महत्तम: मसावि. मूळ अवयव पाडले तर ४६२ = २ × ३ × ७ × ११ आणि ३३० = २ × ३ × ५ × ११. सामाईक २, ३ आणि ११, गुणाकार ६६. लादी ६६ सेंमीची. लांबीकडून ७, रुंदीकडून ५, एकूण ३५ लाद्या.

हे वहीत झालं. पण सहावीतल्या एका मुलीला यातलं काहीच 'दिसत' नव्हतं, तेव्हा आम्ही आलेख कागद घेतला. एक मिमी म्हणजे दोन सेंमी असं प्रमाण धरून २३१ मिमी लांब आणि १६५ मिमी रुंद आयत आखला. तिला सांगितलं, यातून बसेल तेवढा मोठा चौरस काप. तिने १६५ चा कापला. उरली पट्टी ६६ रुंद, १६५ लांब. पुन्हा तेच कर म्हटलं. त्या पट्टीतून ६६ चे दोन चौरस निघाले आणि उरला तुकडा ६६ × ३३. त्यातून ३३ चे दोन, आणि हातात काहीच उरलं नाही. तो शेवटचा चौरस तिने आधी कापलेल्या मोठ्या चौरसावर ठेवून सरकवत नेला. पाच वेळा बरोबर बसला. ३३ मिमी म्हणजे ६६ सेंमी, हे तिचं तिनेच सांगितलं.

आकड्यांत हेच असं दिसतं: ४६२ मधून ३३० गेले, उरले १३२. ३३० ला १३२ ने भागलं, बाकी ६६. १३२ ला ६६ ने भागलं, बाकी शून्य. शेवटचा भाजक ६६ हाच मसावि. हे चालतं कारण जी लादी ४६२ मध्ये नेमकी बसते आणि ३३० मध्येही नेमकी बसते, ती त्यांच्या फरकातही नेमकी बसलीच पाहिजे. मोठ्या दोन संख्यांची जागा हळूहळू लहान संख्या घेतात, सामाईक विभाजक मात्र तेच राहतात. ग्रीक गणिती युक्लिडने इ.स.पू. ३०० च्या सुमारास ही रीत लिहून ठेवली. संख्या मोठ्या असल्या आणि मूळ अवयव पटकन पडत नसले की हीच रीत हाताशी धरावी.

दुकानात ६६ ची लादी मिळाली नाही तर? ६० ची चालेल का? ३३० ला ६० ने भाग जात नाही, कापावी लागेल. ३३ ची चालेल, लांबीकडून १४, रुंदीकडून १०, एकूण १४०. कारण मसाविचा प्रत्येक विभाजक हा दोन्ही संख्यांचा सामाईक विभाजक असतो. प्रत्यक्षात गवंडी दोन लाद्यांमध्ये सांधा सोडतो, तेव्हा खऱ्या घराचं माप घेताना तोही धरावा लागतो. शाळेच्या उदाहरणात तो नाही असं मानायचं.

लसावि याच्या उलट दिशेचा. समजा फोंड्याच्या स्थानकावरून पणजीची बस दर १२ मिनिटांनी आणि मडगावची दर १८ मिनिटांनी सुटते. सकाळी ७ वाजता दोन्ही एकदम सुटल्या, पुन्हा एकदम कधी सुटतील? इथे १२ आणि १८ हे उत्तराला भागतात. उत्तर दोघांच्याही पटीत, म्हणजे १८ हून लहान असू शकत नाही. १२, २४, ३६... आणि १८, ३६... पहिली गाठ ३६ वर. ७ वाजून ३६ मिनिटांनी.

पुढचा प्रश्न बहुधा असतो, सात ते दहा या वेळात त्या किती वेळा एकदम सुटतील? तीन तास म्हणजे १८० मिनिटं, ३६ ने भागून ५. पण उत्तर ६, कारण ७ वाजताची पहिली वेळही मोजायची: ७:००, ७:३६, ८:१२, ८:४८, ९:२४, १०:००. शंका आली की असं लिहून काढावं, त्यात कमीपणा नाही. दोन संख्यांच्या मसावि आणि लसाविचा गुणाकार त्या दोन संख्यांच्या गुणाकाराएवढा असतो (६ × ३६ = १२ × १८), ही पडताळ्याची सोय. तीन संख्यांना मात्र ती लावू नये.

बाकी उरणारी उदाहरणं सगळ्यांत कठीण समजली जातात, आणि मला वाटतं तीच सगळ्यांत रंगतदार. पाडेली नारळ पाडून गेला, अंगणात ढीग पडलाय. दोन-दोन करून मोजले तर एक नारळ उरतो. तीन-तीन केले तरी एक, चार-चार, पाच-पाच, सहा-सहा केले तरी एकच. सात-सात केले की काहीच उरत नाही. नारळ ५०० हून कमी आहेत. किती?

भाग जात नाही असं दिसलं की मुलं हात टेकतात. पण तो उरणारा एक नारळ उचलून बाजूला ठेवा. आता जो ढीग आहे त्याला २, ३, ४, ५, ६ सगळे निःशेष भागतात! म्हणजे ढीग यांच्या लसाविच्या, ६० च्या पटीत. बाजूचा नारळ परत टाकला की शक्यता ६१, १२१, १८१, २४१, ३०१, ३६१, ४२१, ४८१. यांतल्या कोणाला सातने भाग जातो ते बघायचं. ६० ला सातने भागलं की बाकी ४, म्हणून प्रत्येक पायरीला बाकी चाराने वाढते आणि सात ओलांडले की सात वजा होतात: ६१ ची बाकी ५, १२१ ची २, १८१ ची ६, २४१ ची ३, ३०१ ची ०. उत्तर ३०१. 'पाचशेच्या आत' हे शब्द उगाच नाहीत. २ ते ७ या सगळ्यांचा लसावि ४२०, तेव्हा ३०१ नंतरचं उत्तर ७२१. ती अट नसती तर उत्तरांना अंत नव्हता.

आता उदाहरण जरा फिरवू. दोन-दोन केले तर एक उरतो, तीन-तीन केले तर दोन, चार-चार केले तर तीन, पाच-पाच केले तर चार, सहा-सहा केले तर पाच, आणि सात-सात केले तर काही उरत नाही. बाक्या वेगवेगळ्या आहेत, पण नीट बघा, प्रत्येक वेळी एकच नारळ कमी पडतोय. तेव्हा शेजारून एक नारळ उसना आणा. ढीग ६० च्या पटीत येतो. उसना परत केला की ५९, ११९, १७९... आणि ११९ म्हणजे ७ × १७. झालं.

जिथे बाक्यांना असा एकसारखेपणा नसतो तिथेही वाट आहे, आणि ती आपल्याकडे फार जुनी आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, अशा प्रश्नांची कुट्टक नावाची रीत दिली. त्यावर इ.स. ६२९ मध्ये भाष्य लिहिताना पहिल्या भास्कराने एक उदाहरण घेतलं: आठाने भागल्यावर ५ उरतात, नवाने भागल्यावर ४, सातने भागल्यावर १, ती संख्या कोणती? सहावीतलं मूल कुट्टकाशिवायही हे सोडवू शकतं. आधी आठ आणि नऊ या दोघांचंच बघू. आठाने भागून ५ उरणाऱ्या संख्या ५, १३, २१... नवाने भागून ४ उरणाऱ्या ४, १३, २२... दोन्हीकडे १३ सापडला. आठ आणि नऊचा लसावि ७२, म्हणून १३ मध्ये ७२ मिळवत गेलं तरी या दोन बाक्या हलत नाहीत. १३ ला सातने भागलं तर बाकी ६, चालणार नाही. ८५ ला भागलं तर ८४ जाऊन १ उरतो. उत्तर ८५, आणि त्यानंतरचं ८५ + ५०४ = ५८९, कारण ७, ८, ९ यांचा लसावि ५०४.

मुलाला आता याच धर्तीचं एक स्वतः करायला द्या. चवथीच्या माटोळीला (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला) बांधायला सुपारी आणली. चार-चारचे घोस केले तर तीन सुपाऱ्या उरतात, पाच-पाचचे केले तरी तीनच, आणि सात-सातचे केले तर काही उरत नाही. २०० च्या आत उत्तर एकच आहे. ते सापडलं की पुढचं उत्तर बरोबर १४० नंतरच का येतं, हे त्याला त्याच्या शब्दांत सांगायला लावा.